थकलेली मजुरी आणि नवी वेतन संहिता : धाराशिवच्या मजुराला न्याय किती जवळ आला?

केंद्र शासनाने २१ नोव्हेंबर २०२५ रोजी चार कामगार संहिता देशभर लागू केल्या. वेतन संहिता ही त्यांतली पहिली. संसदेने ती २०१९ मध्येच मंजूर केली होती, मात्र प्रत्यक्ष अंमलात येण्यास तिला सहा वर्षे लागली. वेतन प्रदान कायदा १९३६, किमान वेतन कायदा १९४८, बोनस कायदा १९६५ आणि समान वेतन कायदा १९७६ हे चार जुने कायदे तिने आपल्यात सामावून घेतले आहेत. शहरातील चर्चा साहजिकच पगाराच्या व्याख्येभोवती आणि भविष्य निर्वाह निधीच्या आकड्यांभोवती फिरली. मजुरी बुडालेल्या माणसाने तक्रार कोठे करायची, ती कोण ऐकणार आणि निकाल लागला तरी पैसा हातात कोण आणून देणार, या प्रश्नाकडे फारसे कोणी वळले नाही. धाराशिव जिल्ह्यासाठी खरा प्रश्न तोच आहे. त्याचे उत्तर बऱ्याच अंशी दिल्लीच्या हातात नसून राज्य शासनाच्या हातात आहे, म्हणून या लेखात त्याचा विचार करू.

जिल्हा आणि त्याचे मजूर

धाराशिव, म्हणजे पूर्वीचा उस्मानाबाद, हा आठ तालुक्यांचा जिल्हा. २०११ च्या जनगणनेनुसार येथील लोकसंख्या साडेसोळा लाखांच्या आसपास होती. नीती आयोगाने २०१८ मध्ये देशभरातील जे मागास जिल्हे ‘आकांक्षित’ म्हणून निवडले, त्यांत महाराष्ट्रातील चार जिल्ह्यांमध्ये या जिल्ह्याचा समावेश झाला. पाऊस बेभरवशाचा, जमीन अनेक ठिकाणी बरड आणि बालाघाटाच्या डोंगररांगांतील गावांत खरिपानंतर हाताला काम नाही. परिणामी दिवाळी आटोपली की भूम, परंडा, वाशी, कळंब या भागांतील कुटुंबे संसार गाडीत भरून ऊसतोडीला निघतात. कोणी पश्चिम महाराष्ट्रात जातो, कोणी कर्नाटकात, तर कोणी जिल्ह्यातल्याच एखाद्या कारखान्याच्या टोळीत सामील होतो. गाळप हंगाम संपेपर्यंत त्यांचा मुक्काम पालावर असतो.

अशा मजुराचे वेतन दर महिन्याच्या सात तारखेला बँकेत जमा होत नाही. हंगामापूर्वी मुकादम ‘उचल’ देतो. पती-पत्नीची जोडी मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो. पुढे टनामागे ठरलेल्या दराने तोडणीची रक्कम मुकादमाच्या वहीत मांडली जाते आणि हंगामअखेरीस उचल वजा करून हिशेब होतो. बहुतेक वेळा त्या हिशेबात मजुराच्या अंगावर बाकी निघते आणि ती फेडण्यासाठी पुढच्या हंगामाचा करार आपोआप ठरतो. मजुरी थकली असे त्याला म्हणताही येत नाही, कारण कागदावर तोच देणेकरी असतो. वही मुकादमाची, अक्षर मुकादमाचे आणि बेरीज-वजाबाकीही त्याचीच!

साखळदंड दिसले म्हणून

जून २०२३ मध्ये या जिल्ह्यातील एका घटनेने राज्याला हादरवले. ढोकी पोलीस ठाण्याच्या हद्दीतील खामसवाडी आणि वाखरवाडी येथे विहिरी खोदणाऱ्या ११ मजुरांची पोलिसांनी सुटका केली. दिवसाला बारा तास त्यांना राबवले जात होते. पळून जाऊ नयेत म्हणून रात्री साखळीने बांधले जात होते आणि मजुरी म्हणून काहीही दिले जात नव्हते. त्यांच्यातील एक मजूर निसटून हिंगोली जिल्ह्यातील आपल्या गावी पोहोचला, त्याने तेथील पोलिसांना सर्व सांगितले, आणि ती माहिती धाराशिवपर्यंत आल्यावर कारवाई झाली.

पोलिसांनी तत्परता दाखवली, ही समाधानाची गोष्ट आहे. पण या घटनेकडे थोडे बारकाईने पाहिले पाहिजे. पोलीस आले ते साखळदंडामुळे. त्या मजुरांना बांधून ठेवले नसते, मारहाण झाली नसती, केवळ दोन-तीन महिने राबवून ‘पैसे पुढच्या महिन्यात देऊ’ असे सांगून घरी धाडले असते, तर त्यांच्यासाठी कोण धावले असते? पोलीस ठाण्यात त्यांना ‘हा दिवाणी मामला आहे, कामगार अधिकाऱ्याकडे जा’ असे उत्तर मिळाले असते. हिंगोलीच्या मजुराने धाराशिवच्या कामगार कार्यालयात येण्याचे भाडे कोठून आणायचे, आणि येताना पुरावा म्हणून काय आणायचे? सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये, दिल्लीतील आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकाम मजुरांच्या प्रकरणात, किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर काम करून घेणे ही घटनेच्या कलम २३ ने निषिद्ध ठरवलेली वेठबिगारीच होय, असा निर्णय दिला. त्या न्यायाने मजुरी न देणे हेही एक साखळदंडच आहे. तो डोळ्यांना दिसत नाही, इतकेच.

नव्या संहितेने काय दिले?

नव्या संहितेतील चांगल्या गोष्टी प्रथम नोंदवल्या पाहिजेत. जुना वेतन प्रदान कायदा महिना २४ हजार रुपयांपर्यंत वेतन असणाऱ्यांनाच लागू होता. संहिता ही मर्यादा काढून टाकते, आणि संघटित व असंघटित दोन्ही क्षेत्रांतील कामगार तिच्या कक्षेत येतात. पूर्वी किमान वेतनाचा दावा सहा महिन्यांच्या आत आणि थकित वेतनाचा दावा बारा महिन्यांच्या आत करावा लागे. आता दोन्हींसाठी तीन वर्षांची मुदत आहे. वेतन उशिरा दिले तर पूर्वी भरपाई फार तर तीन हजार रुपये मिळे. आता राज्य शासनाने नेमलेला राजपत्रित दर्जाचा अधिकारी दाव्याच्या दहापटीपर्यंत भरपाई देववू शकतो. दावा तीन महिन्यांत निकाली काढण्याचा प्रयत्न त्याने करावा, असे संहिता सांगते.

सर्वांत महत्त्वाची तरतूद पुराव्याची आहे. वेतन दिले हे सिद्ध करण्याची जबाबदारी आता मालकावर आहे. मिळाले नाही हे मजुराने सिद्ध करण्याची गरज नाही. शिवाय कंत्राटदार हाही ‘मालक’ या व्याख्येत येतो. ज्याने वेतन द्यायचे त्याने ते दिले नाही, तर ज्या आस्थापनेत काम झाले तिच्या मालकावर ते देण्याची जबाबदारी येते. दिवसावर काम करणाऱ्याला पाळी संपताच आणि नोकरीवरून काढलेल्याला दोन कामकाजाच्या दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत. कागदावर पाहता, गरिबाच्या बाजूने एवढे बोलणारा वेतनाचा कायदा आपल्याकडे यापूर्वी झाला नव्हता.

कागद आणि पाल यांमधले अंतर

मग अडचण कोठे आहे? पहिली अडचण जागेची आहे. दाव्याचा निकाल लागूनही मालकाने पैसे दिले नाहीत, तर अधिकारी वसुलीचे प्रमाणपत्र जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवतो आणि ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल व्हायची असते. पण हे जिल्हाधिकारी, आस्थापना ज्या जिल्ह्यात आहे तेथील असतात. भूम तालुक्यातील जोडप्याची मजुरी कोल्हापूर जिल्ह्यात थकली, तर दावा आणि वसुली या दोन्हींचा पाठपुरावा शेकडो किलोमीटरवरच्या कार्यालयांत करावा लागणार. एका तारखेला जायचे म्हणजे दोन दिवसांचा रोज बुडवायचा आणि वर एसटीचे भाडे भरायचे. आंतरराज्य स्थलांतरित कामगारांसाठी काही वेगळ्या तरतुदी आहेत, पण राज्याच्या सीमेआतच शेकडो कोस जाणारा मजूर कायद्याच्या लेखी ‘स्थलांतरित’ ठरत नाही.

दुसरी अडचण मालक कोण, ही. कारखाना म्हणतो, तोडणी मजुरांशी आमचा संबंध नाही, आम्ही वाहतूक ठेकेदाराशी करार करतो. ठेकेदार मुकादमाकडे बोट दाखवतो आणि मुकादम हंगाम संपताच दिसेनासा होतो. परंतु तोडणीचा दर कोण ठरवतो? जानेवारी २०२४ मध्ये राज्य सहकारी साखर कारखाना संघ आणि ऊसतोड कामगारांच्या संघटना यांच्यात करार होऊन तोडणीदरात ३४ टक्के वाढ झाली. मजुरीचा दर ठरवायला कारखान्यांचा संघ टेबलावर बसतो, आणि मजुरी बुडाली की मात्र कारखाना मालक नसतो, हे तर्काला धरून नाही.

तिसरी अडचण स्त्रियांची आहे. एका कोयत्यात दोन माणसे राबतात, पण नाव एकाचेच असते, बहुधा पुरुषाचे. बाई पहाटे उठून पालावर भाकरी थापते, दिवसभर ऊस तोडते, मोळ्या डोक्यावरून गाडीत चढवते. तरी हिशेबाच्या वहीत ती नसते. जिचे वेतन स्वतंत्रपणे नोंदलेलेच नाही, तिने थकित वेतनाची तक्रार करायची तरी कशी? नवरा आजारी पडला वा वारला, तर उचलीची बाकी मात्र तिच्याकडे मागितली जाते.

चौथी अडचण शिक्षेच्या स्वरूपाची आहे. देय रकमेपेक्षा कमी वेतन देणाऱ्याला पहिल्या वेळी ५० हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. तुरुंगवासाची शक्यता पाच वर्षांच्या आत तोच गुन्हा पुन्हा झाला तरच निर्माण होते. निरीक्षकाचे नामांतर ‘निरीक्षक तथा सुविधाकर्ता’ असे झाले असून खटला भरण्यापूर्वी त्याने मालकाला चूक दुरुस्त करण्याची संधी द्यायची आहे. प्रामाणिक लहान उद्योजकाला ही सवलत योग्यच आहे. पण जो दर हंगामाला नव्या टोळीची मजुरी बुडवतो, त्याच्यासाठी ती पळवाट ठरू नये, याची काळजी कोणी घ्यायची?

एकाच उसाचे दोन घेणेकरी

या ठिकाणी एक तुलना डोळे उघडणारी आहे. एकाच फडातील उसावर दोघांचा हक्क असतो : ज्याने तो पिकवला त्या शेतकऱ्याचा आणि ज्याने तो तोडला त्या मजुराचा. शेतकऱ्याच्या पैशासाठी १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश आहे. ऊस दिल्यापासून १४ दिवसांत रास्त व किफायतशीर दराने रक्कम मिळाली पाहिजे, उशीर झाल्यास १५ टक्के व्याज द्यावे लागते, थकबाकीदार कारखान्यावर साखर आयुक्त महसुली वसुलीचा आदेश काढतात, आणि हंगामाचा गाळप परवाना देताना मागील थकबाकीचा विचार होतो. तेथेही वसुली नेहमी वेळेवर होते असे नाही. शेतकऱ्यांना आंदोलने करावी लागतातच. तरीही त्यांच्या पाठीशी एक अधिकारी, एक मुदत, एक व्याजदर आणि एक परवाना उभा आहे. मजुराच्या पाठीशी यांपैकी काय आहे? साखर आयुक्तालयाला त्याच्या मजुरीची थकबाकी विचारण्याचे कारणच पडत नाही.

बंद पडलेल्या कारखान्यांतील कायम कामगारांची कथा निराळी, पण मूळ तेच. ढोकीचा तेरणा शेतकरी सहकारी साखर कारखाना हा या जिल्ह्याच्या सहकाराचा एकेकाळचा मानबिंदू. तो कित्येक हंगाम बंद राहिला. असा कारखाना बंद पडला की बँक तारण घेऊन पुढे येते, शासनाची देणी असतात, पुरवठादार असतात, आणि रांगेच्या शेवटी कामगार उभा राहतो. महाराष्ट्रातील कारखान्यांनी बँकेकडे तारण ठेवलेल्या साखरेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये भविष्य निर्वाह निधीच्या देण्याला बँकेच्या कर्जापेक्षा अग्रक्रम दिला. तो निर्णय मोलाचा आहे, परंतु त्याचा लाभ निधीपुरता आहे, थकलेल्या पगाराला तो आपोआप मिळत नाही. कंपनी दिवाळखोरीत गेली तर २०१६ च्या संहितेनुसार कामगारांच्या २४ महिन्यांच्या देण्यांना तारणधारकांच्या बरोबरीचे स्थान आहे. सहकारी संस्था मात्र त्या संहितेच्या कक्षेत येत नाहीत. ज्या राज्याने सहकारी साखर कारखानदारी देशाला शिकवली, त्या राज्याने या उणिवेची दखल स्वतः घ्यायला नको काय?

उत्तर महाराष्ट्राच्या इतिहासातच

उपाय परदेशातून आणण्याची गरज नाही. महाराष्ट्राने १९६९ मध्ये माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांसाठी कायदा केला. कायम मालक नसलेला, आज या गाळ्यावर तर उद्या त्या गोदामात ओझे वाहणारा हमाल हा त्याचा विषय. या कायद्याने मालक आणि कामगार दोघांचीही मंडळाकडे नोंद होऊ लागली. मालक मजुरी आणि तिच्यावरील लेव्ही मंडळात भरतो आणि मंडळ कामगाराला ती देते. पैसा आधीच मंडळात येत असल्याने बुडवण्याला वाव कमी, म्हणून तक्रारीचीही गरज कमी. या व्यवस्थेतही दोष शिरले आहेत, खंडणीखोरीच्या तक्रारी आहेत, हे मान्य केले पाहिजे. पण मूळ कल्पना शहाणपणाची आहे : दुबळ्याने तक्रार करावी आणि मग न्याय मिळावा यापेक्षा तक्रारीची वेळच येऊ नये.

ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचे कल्याण महामंडळ आज आहे. गाळप झालेल्या प्रत्येक टनामागे दहा रुपये कारखान्यांकडून आणि तेवढीच रक्कम शासनाकडून, असा त्याच्या निधीचा पाया आहे. वसतिगृहे, विमा, ओळखपत्रे ही त्याची कामे आवश्यकच आहेत. पण मजुरीच्या हिशेबाला ते हात लावत नाही. कल्याण करायचे आणि कमाई मात्र मुकादमाच्या वहीवर सोडायची, असे किती दिवस चालणार?

संहितेच्या अंमलबजावणीसाठी नियम करण्याचा अधिकार राज्यालाही आहे. या अधिकाराचा उपयोग करून राज्य शासनाने पुढील पाच गोष्टी कराव्यात, असे सुचवावेसे वाटते.

पहिली, मजुराला आपल्या राहत्या तालुक्यात दावा दाखल करता यावा. तोंडी तक्रार अधिकाऱ्याने लिहून घ्यावी आणि तिची पोच द्यावी. पुढील सुनावणी दूरच्या जिल्ह्यात असेल तर ती दूरदृश्य प्रणालीने तहसील कार्यालयातून व्हावी. न्यायालये हे आता करीत आहेत, मग कामगार कार्यालयांना ते का जमू नये?

दुसरी, कोयत्यातील दोघांचीही स्वतंत्र नोंद व्हावी आणि मजुरी प्रत्येकाच्या खात्यात जावी. उसाच्या प्रत्येक खेपेचे वजन कारखान्याच्या काट्यावर संगणकात नोंदले जातेच. त्याच नोंदीची पावती टोळीतील मजुरांच्या मोबाइलवर गेली, तर मुकादमाच्या वहीला शह बसेल आणि पुरावा आपोआप तयार होईल.

तिसरी, गाळप परवाना देताना उसाच्या पैशाबरोबरच तोडणी मजुरी व कामगारांचे पगार चुकते केल्याचा दाखला मागावा. थकबाकीदारांची यादी जाहीर व्हावी.

चौथी, उशिराची भरपाई मागितल्याशिवाय मिळावी. २००५ च्या ग्रामीण रोजगार हमी कायद्याखाली मजुरी पंधरा दिवसांत न मिळाल्यास सोळाव्या दिवसापासून रोज ०.०५ टक्के भरपाईची तरतूद होती. दर तुटपुंजा होता आणि अंमलबजावणी कच्ची होती. तत्त्व मात्र योग्य होते.

पाचवी, निकाल मजुराच्या बाजूने लागूनही वसुली रखडली, तर महामंडळाने ती रक्कम मजुराला आधी द्यावी आणि मालकाकडून नंतर वसूल करावी. जर्मनीत मालक दिवाळखोर झाल्यास शेवटच्या तीन महिन्यांचे वेतन रोजगार विभाग देतो. वसुलीची वाट पाहण्याची ताकद शासनात आहे, मजुराच्या चुलीत नाही.

दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. एकाच हंगामासाठी दोन मुकादमांकडून उचल घेऊन तिसरीकडेच जाणाऱ्या टोळ्या आहेत. मुकादमाने लाखोंची रक्कम घेऊन पोबारा केल्याने कर्जबाजारी झालेले ट्रॅक्टरमालक आहेत, आणि तेही शेतकऱ्यांचीच मुले आहेत. सर्वच मुकादम जुलमी नसतात. अनेक जण स्वतः कोयता धरूनच वर आलेले असतात. पण ही तक्रार सुधारणेच्या विरोधात जात नाही, उलट तिला बळ देते. नोंदलेला करार, नोंदलेली उचल आणि खात्यातून जाणारी मजुरी असेल तर फसवणूक दोन्ही बाजूंनी थांबेल.

आपले काय?

वाचकहो, हा विषय आपल्या धर्मश्रद्धेच्या परिघाबाहेरचा नाही. परमगुरुस्वामी तेरावे लिओ यांनी १८९१ मध्ये ‘रेरुम नोवारुम’ या विश्वपत्राद्वारे न्याय्य वेतनाचा प्रश्न ख्रिस्तसभेच्या केंद्रस्थानी आणला. मजुराची मजुरी अडकवणे हे स्वर्गाकडे आक्रोश करणाऱ्या पापांपैकी एक आहे, अशी ख्रिस्तसभेची शिकवण आहे. जुन्या करारातील नियमशास्त्र गरीब मजुराचा रोज सूर्यास्तापूर्वी द्यायला सांगते. संत याकोबाचे पत्र तर शेतात कापणी करणाऱ्यांच्याच अडवून ठेवलेल्या मजुरीविषयी बोलते. दोन हजार वर्षांपूर्वीचे ते कापणी करणारे आणि आजचे ऊसतोड कामगार यांच्यात फार अंतर नाही.

तेव्हा शासनाकडे बोट दाखवण्यापूर्वी आपल्या संस्थांकडेही पाहिले पाहिजे. आपल्या शाळा, वसतिगृहे, दवाखाने आणि धर्मग्राम हेही मालकच आहेत. ठेकेदाराला बिल दिले म्हणजे आपले कर्तव्य संपले असे नाही. गवंड्याच्या हाताखालच्या बिगाऱ्यापर्यंत पैसे पोहोचले का, हे विचारण्याची जबाबदारी नव्या संहितेने आपल्यावर टाकली आहे, आणि शुभवर्तमानाने ती फार पूर्वीच टाकली होती.

हंगामावरून परतणाऱ्या कुटुंबांसाठी गावोगावच्या सुशिक्षित तरुणांना एक लहानसे काम करता येईल. टोळीचे नाव, कारखान्याचे नाव, कामाचे दिवस, अंदाजे टन, घेतलेली उचल आणि मिळालेली रक्कम एवढे एका वहीत लिहून ठेवावे, दोघांच्याही नावाने. दाव्याला तीन वर्षांची मुदत आहे. स्मरणशक्ती तेवढी टिकत नाही, लिहिलेले टिकते. वर्षानुवर्षे हिशेबाची एकच वही होती आणि ती मुकादमाकडे होती. दुसरी वही मजुराच्या घरात तयार झाली, तर कायद्याला निदान वाचायला काहीतरी मिळेल.